हृदयाला बारीक भोक आणि अर्धशिशी: इकोच्या रिपोर्टमधे 'पीएफओ' आलं तर काय करायचं

टू-डी इको केला वेगळ्याच कारणासाठी, रिपोर्टच्या खालच्या ओळीत 'पीएफओ' असं लिहून आलं, आणि अर्धशिशी तर कॉलेजपासून आहेच. मग घरात कोणीतरी मोबाईलवर बघतं आणि सांगतं की अगं हेच कारण तुझ्या डोक्याचं, ते भोक बुजवून टाक एकदाचं. माझ्याबाबतीत अगदी हेच झालं. धडधड होते म्हणून इको केला होता, आणि एका मोठ्या हॉस्पिटलमधे मला पहिल्याच भेटीत सांगितलं की भोक बुजवायचं डिव्हाइस बसवू, डोकेदुखी शंभर टक्के जाईल, पुढच्या आठवड्यातली तारीख घ्या. काही लाखांचा खर्च होता आणि मी तारीख घेतलीसुद्धा होती. नंतर मावसबहिणीने हट्ट करून न्यूरोलॉजिस्टकडे नेलं आणि तिथे मला पहिल्यांदा कोणीतरी सगळं नीट समजावून सांगितलं. या भोकाचा आणि अर्धशिशीचा संबंध खरा आहे, पण भोक बुजवणं हा अर्धशिशीचा उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर कुठून सुरुवात करायची, काय विचारायचं, कशाची घाई करायची आणि कशाची अजिबात नाही, ते लिहितेय.

आधी हे भोक म्हणजे काय ते, कारण 'हृदयाला होल आहे' हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होते. बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, ऑक्सिजन नाळेतून येतो, त्यामुळे बरंचसं रक्त फुप्फुसांना वळसा घालून थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून डाव्या वरच्या कप्प्यात जातं आणि त्यासाठी मधल्या पडद्यात एक वाट असते. वाटेला एका बाजूनेच उघडणारी पातळ झडप असते. बाळाने पहिला श्वास घेतला की डाव्या बाजूचा दाब वाढतो, झडप मिटते, आणि पुढे बहुतेकांची ती हळूहळू कायमची चिकटून जाते. साधारण चारातल्या एकाची चिकटत नाही. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला ४० माणसं आली असतील तर त्यातल्या दहाएक जणांना हे असू शकतं आणि त्यातल्या बहुतेकांना ते आयुष्यभर कळणारही नाही. एरवी झडप मिटलेलीच असते, पण खोकताना, शिंकताना, कुंथताना, जड बादली उचलताना उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो आणि ती किंचित उघडते, तेवढ्यात थोडं रक्त फुप्फुसांमधून न गाळता पलीकडे जातं. एवढंच ते पीएफओ.

हे आणि 'एएसडी' एक नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण बोलताना दोन्हीला होलच म्हणतात. एएसडीमधे पडद्याचा तुकडाच नसतो, रक्त सतत डावीकडून उजवीकडे वाहतं, त्याने उजवी बाजू फुगू शकते आणि त्याचा उपचार वेगळा, त्याची कारणं वेगळी. त्यामुळे सगळ्यात पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारायचा, की पीएफओ आहे का एएसडी, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यायचं.

आता संबंध कुठून आला. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांना वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, ते एरवी फुप्फुसं गाळून टाकतात, पण ज्यांची ही वाट उघडी त्यांना त्रास जास्त होतो, म्हणून काही डायव्हर्सचं भोक बुजवलं गेलं. पीटर विल्म्सहर्स्ट नावाच्या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की यातल्या ज्यांना आधी अर्धशिशी होती त्यांच्यातले बरेच जण नंतर म्हणताहेत की डोकं दुखायचं थांबलं किंवा कमी झालं, आणि २००० साली त्यांनी ते छापलं. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं होतं की ऑरा (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक-रेघा दिसणं किंवा मुंग्या येणं) असलेल्या अर्धशिशीच्या पेशंट्समधे ४८ टक्क्यांना ही वाट उघडी होती, ऑरा नसलेल्यांमधे २३ टक्के आणि ज्यांना अर्धशिशीच नाही अशांमधे २० टक्के. हे आकडे परत एकदा वाचा, कारण सगळी मेख त्यात आहे. संबंध आहे तो ऑरावाल्या अर्धशिशीशी. साध्या अर्धशिशीत फारसा फरकच नाही.

असं का होत असावं, तर डॉक्टरांचा अंदाज असा की सेरोटोनिनसारखी रसायनं किंवा अगदी बारीक गुठळ्या एरवी फुप्फुसात निकामी होतात, त्या या वाटेने तशाच मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावर एक मंद लाट उठते, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर इतक्या गतीने सरकणारी. ऑरा म्हणजे तीच लाट. पण दुसरी शक्यताही तितकीच आहे, की एकाच घराण्यात दोन्ही गोष्टी एकत्र वारशाने येत असतील आणि एकामुळे दुसरी होतच नसेल. शिवाय अर्धशिशी जगात सातातल्या एका माणसाला, पीएफओ चारातल्या एकाला, म्हणजे दोन्ही एकाच माणसात असणं हे नुसत्या योगायोगानेही कितीतरी वेळा होणारच.

तर पहिलं काम इको नाही, बबल टेस्ट (शिरेतून बुडबुडे सोडून भोक बघायची तपासणी) नाही, पहिलं काम म्हणजे तुम्हाला ऑरा आहे का ते ओळखणं. आणि हे घरच्या घरी होतं. माझा पहिला ऑरा मला अजून आठवतो, ओट्यापाशी बसून ताटात तांदूळ निवडत होते आणि ताटाच्या बरोबर मधले दाणे दिसेनात. बोट लावलं तर दाणे होते, डोळ्यांना मात्र नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक चमचमती नागमोडी रेघ आली, करवतीच्या दात्यांसारखी, ती हलत हलत मोठी होत उजवीकडे सरकत गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कडेवरून निघून गेली, त्यानंतर अर्ध्या तासाने डाव्या कानशिलात ठोके सुरू झाले. मला वाटलं डोळ्यांचा नंबर वाढलाय आणि मी चष्मा बदलून आणला. कितीतरी जण असंच करतात, काही जण त्याला अंधारी म्हणतात, काही पित्त. ऑरा साधारण ५ मिनिटं ते तासभर टिकतो, हळूहळू पसरतो, आणि नंतर डोकं दुखायला लागतं (कधी कधी दुखतही नाही). काहींना डोळ्यांऐवजी हाताच्या बोटांपासून गालापर्यंत मुंग्या चढतात, काहींना शब्दच सापडत नाहीत.

एक सोपी गोष्ट करा, पुढच्या वेळी असं झालं की आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघूनही ती रेघ त्याच बाजूला दिसत असेल तर ती मेंदूतून येतेय, डोळ्यातून नाही. एकाच डोळ्याला दिसत असेल तर मात्र डोळ्याच्या डॉक्टरकडे लगेच, कारण ते वेगळं काही असू शकतं. घड्याळ बघा, सुरुवातीची वेळ लिहा. जमलं तर त्या रेघेचं चित्र कागदावर काढून ठेवा, माझ्या डॉक्टरांना माझ्या वेड्यावाकड्या चित्राचा तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

दुसरं काम वही. अॅप वापरलंत तरी चालेल पण मला वही बरी पडते, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर खुणा केल्या तरी चालतात. तारीख, ऑरा होता का नाही, डोकं किती तास दुखलं, उलटी झाली का, पाळीचा कितवा दिवस, कोणती गोळी किती वाजता घेतली. आणि आदल्या दिवशीचं, झोप किती झाली, जेवण कधी झालं. हे दोन-तीन महिने लिहिलं की आपल्यालाच दिसायला लागतं. माझ्या वहीत संकष्टी दिसली. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, तोवर दिवसभर नुसता चहा आणि साबुदाण्याच्या दोन वाट्या, आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठरलेलं. सासूबाईंशी बोलून मी दुपारी फळं-दूध नीट घ्यायला लागले तर निम्मे अटॅक तिथेच कमी झाले. काहींना ऊन असतं, काहींना रात्रपाळी, काहींना उदबत्ती-परफ्यूम, मिरवणुकीतले लखलखणारे लाइट. प्रत्येकाचं वेगळं, म्हणून दुसऱ्याची यादी बघून स्वतःचं लोणचं-दही बंद करत सुटू नका, आधी लिहा.

गोळ्यांचा रकाना मात्र काटेकोर भरा, कारण मी सगळ्यात जास्त फसले ती इथे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन (ही अर्धशिशीचीच खास औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली डोकेदुखीची गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आपल्याकडे केमिस्ट ओळखीचा असतो, चिठ्ठी न मागता स्ट्रिप देतो, घरातल्या डब्यात ती संपली की परत येते. मी महिन्याला १६-१७ दिवस घेत होते आणि मला वाटत होतं हृदयातल्या भोकामुळे दुखतंय. ते भोक बुजवलं असतं तरी हे दुखणं तसंच राहिलं असतं, हा विचार केला की अजून वाईट वाटतं.

तिसरं काम न्यूरोलॉजिस्ट, किंवा जवळ नसेल तर चांगला एमडी फिजिशियन. अर्धशिशीला आता खरंच चांगली औषधं आहेत. अटॅक आला की घ्यायची वेगळी, ती दुखायला लागल्या लागल्या घ्यायची असते, सहन करून करून तीन तासांनी नाही. आणि अटॅक महिन्यातून चार-पाचहून जास्त असतील तर रोज घ्यायची वेगळी: प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशी बरीच आहेत. यातलं कोणाला कोणतं हे डॉक्टरच ठरवणार, दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल व्हायचं असेल तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट टाळतात, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका. रोजच्या औषधाचा गुण यायला दोन महिने तरी द्यावे लागतात, बहुतेक लोक पंधरा दिवसांत सोडून देतात आणि म्हणतात कशानेच फरक पडत नाही. यांनी भागलं नाही तर बोटॉक्स आहे, सीजीआरपी नावाचं रसायन अडवणारी नवी इंजेक्शनं आहेत. भोकाचा विषय या सगळ्यानंतर येतो, आधी नाही.

मग बबल टेस्ट कधी करायची? नुसती अर्धशिशी आहे म्हणून नाही, ऑरा आहे म्हणूनही रुटीनमधे नाही, कारण सापडलं तरी त्याने अर्धशिशीचा उपचार बदलत नाही, उलट घरभर काळजी वाढते. करायची ती अशा वेळी, की तरुण वयात स्ट्रोक किंवा मिनी-स्ट्रोक झालाय आणि कारण सापडत नाहीये, किंवा खोल डायव्हिंग करणाऱ्याला वर आल्यावर त्रास झालाय, किंवा ऑक्सिजन कमी राहतोय आणि का ते कळत नाही. मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबाचे फोटो काढून येणं वेगळं, पण कोणी सर्टिफिकेट घेऊन खोल आणि रोज-रोज डायव्हिंग करणार असेल आणि ऑरावाली अर्धशिशी असेल तर आधी डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरशी बोलून घ्या.

माझी टेस्ट झाली, कारण साध्या इकोमधे पीएफओची नुसती शंका होती आणि डॉक्टरांना एएसडी नाही हे पक्कं करायचं होतं. घाबरण्यासारखं काही नसतं म्हणून जशीच्या तशी सांगते. हाताला सलाइनची सुई लावली. सिस्टरने तीन तोंडांच्या नळाला दोन सिरिंज जोडल्या, एकीत सलाइन आणि किंचित हवा, आणि ते या सिरिंजमधून त्या सिरिंजमधे पटापट ढकलत राहिली, बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग ते शिरेत सोडलं आणि डॉक्टर म्हणाले, तोंड मिटा, संडासला जोर करतो तसा जोर करा, धरून ठेवा, धरा, आता सोडा. स्क्रीनवर हृदयाची उजवी बाजू एकदम पांढरी झाली, चुन्याची निवळी ओतल्यासारखी, आणि सोडल्यावर दुसऱ्याच ठोक्याला सहा-सात ठिपके पलीकडे टपटप उडी मारून गेले. तेच माझं भोक. तीन ठोक्यांच्या आत ठिपके पलीकडे गेले तर पीएफओ, उशिरा आले तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधे काही वाट आहे का ते बघतात. जोर नीट केला नाही तर टेस्ट खोटी नॉर्मल येते, म्हणून लाजू नका, जोर लावा. आणखी नीट बघायचं असेल तर अन्ननळीतून नळी घालून इको करतात, त्याला उपाशी पोटी जायचं असतं.

रिपोर्ट आला की त्यात फक्त 'पीएफओ आहे' एवढं वाचून थांबू नका. किती ठिपके गेले म्हणजे शंट (पलीकडे जाणारं रक्त) लहान का मोठा, नुसतं बसल्या बसल्या गेले का जोर केल्यावरच, आणि मधला पडदा फडफडणारा, फुगणारा आहे का, या तीन गोष्टी विचारा. स्ट्रोकचा धोका ठरवताना याच बघतात. पीएफओ आहे असं कळलं म्हणून दरवर्षी इको करायचीही गरज नसते, माझ्याकडून एका ठिकाणी दोन वर्षांत चार करून घेतले गेले.

आता डिव्हाइसबद्दल, कारण तुम्हाला कोणी ना कोणी सुचवणारच. जांघेतल्या शिरेतून नळी घालून निटिनॉल नावाच्या धातूच्या जाळीची छत्री नेतात, पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन चकत्या बसतात आणि मधे भोक दाबलं जातं, काही महिन्यांत त्यावर आपलीच त्वचेसारखी पेशींची चादर चढते. काम सफाईचं आहे, बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी जातात. प्रश्न एवढाच की अर्धशिशीला उपयोग होतो का, आणि ते नीट तपासलं गेलंय.

पहिली मोठी चाचणी इंग्लंडमधली, मिस्ट नावाची, २००८ साली छापली गेली. १४७ पेशंट, सगळे ऑरावाले. ७४ जणांना डिव्हाइस, ७३ जणांना भूल देऊन जांघेत फक्त छोटी चीर, आत काही नाही, आणि कोणाला काय केलं ते पेशंटला माहीत नाही. डोकेदुखी पूर्ण थांबली ती डिव्हाइसवाल्यांत ३ जणांची आणि नुसती चीर दिलेल्यांतही ३ जणांची. हे वाचून मी खुर्चीत टेकून बसले होते. चीर दिल्यावरसुद्धा लोकांना बरं वाटतं, कारण अर्धशिशी मुळातच वर-खाली होणारी गोष्ट, माणूस सगळ्यात वाईट काळात डॉक्टरकडे जातो आणि नंतर थोडं बरं होणारच असतं. म्हणून व्हिडिओमधल्या 'मला बुजवल्यावर बरं वाटलं' याला मी खोटं म्हणत नाही, पण त्यावर ऑपरेशन ठरवू नये. याच मिस्टची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते: ज्या विल्म्सहर्स्ट यांनी मुळात हा संबंध पुढे आणला, तेच या चाचणीत प्रमुख हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांनी निकालाच्या मांडणीवर शंका घेतली, पेपरवर सही करायला नकार दिला, आणि डिव्हाइस बनवणाऱ्या एनएमटी मेडिकल कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. काही वर्षं ते लढले, २०११ साली कंपनीच बंद पडली आणि दावा संपला. स्वतःचीच कल्पना चुकीच्या पद्धतीने विकली जाऊ नये म्हणून एवढं सोसणारा डॉक्टर, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नंतर युरोप-कॅनडातली प्रिमा ही चाचणी २०१६ साली आली. १०७ पेशंट, अर्धशिशीचे दिवस महिन्याला डिव्हाइसवाल्यांत २.९ ने कमी आणि औषधवाल्यांत १.७ ने कमी, हा फरक पुरेसा ठरला नाही. अमेरिकेतली प्रीमियम २०१७ ची, २३० पेशंट, परत खोटी प्रक्रिया करून तुलना. अटॅक निम्म्यावर आले ते ३८.५ टक्क्यांचे आणि खोट्या प्रक्रियेत ३२ टक्क्यांचे, म्हणजे मुख्य प्रश्नावर तीही नापास. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी डॉक्टर लोक सोडून देत नाहीत: डोकेदुखी पूर्ण थांबली ती डिव्हाइसवाल्यांत ८.५ टक्क्यांची, दुसऱ्या बाजूला फक्त १ टक्क्याची. म्हणजे कुठेतरी एक छोटा गट आहे, बहुधा वारंवार ऑरा येणाऱ्यांचा, ज्यांना खरंच उपयोग होतो, फक्त तो आधी ओळखायचा कसा ते अजून ठरलेलं नाही. म्हणून कोणी 'शंभर टक्के' म्हणालं की उठून यायचं. मी तारीख रद्द केली.

उलट बाजूही आहे. एएसडी बुजवल्यावर काही लोकांना आधी नसलेली अर्धशिशी नव्याने सुरू होते. कॅनडातल्या कॅनोआ चाचणीत (२०१५, १७१ पेशंट) पहिले तीन महिने अॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल दिलेल्यांत हे ९.५ टक्क्यांना झालं, नुसतं अॅस्पिरिन दिलेल्यांत २१.८ टक्क्यांना. म्हणजे भोक बुजलं की डोकं शांत एवढं सरळ गणित नाही. पण यावरून स्वतःच्या मनाने रक्त पातळ करायची गोळी सुरू करू नका, तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

बुजवणं योग्य कधी, तर स्ट्रोकनंतर. वय साधारण १८ ते ६०, स्ट्रोक झालेला, बाकी सगळी कारणं शोधून झाली आणि पीएफओच संशयित उरला, अशा वेळी फायदा स्पष्ट आहे. २०१७ साली छापलेल्या क्लोज नावाच्या फ्रान्समधल्या चाचणीत डिव्हाइस बसवलेल्या २३८ जणांत पुढे एकालाही स्ट्रोक झाला नाही, नुसत्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४ जणांना झाला. त्याच चाचणीत ठोके अनियमित व्हायचा त्रास मात्र डिव्हाइसवाल्यांत ४.६ टक्के आणि दुसरीकडे ०.९ टक्के. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली ती याच कारणासाठी, अर्धशिशीसाठी नाही. अशा पेशंटला अर्धशिशी असेल आणि ती कमी झाली तर तो वरचा फायदा समजायचा. आणि निर्णय न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनी मिळून घ्यायला हवा, एकट्या कॅथ लॅबवाल्यांनी (डिव्हाइस बसवणाऱ्यांनी) नाही, हे स्पष्ट शब्दांत मागायचं.

भोक उघडं ठेवून जगताना काय सांभाळायचं ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण ऑरावाल्या अर्धशिशीत स्ट्रोकचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो, भोक असो नसो. तंबाखू कुठल्याही रूपात नको, सिगरेट तर नकोच, पण मिश्रीसुद्धा सोडा, आपल्याकडे बायका मिश्रीला व्यसनात धरतच नाहीत. बीपी, साखर तपासत राहा. आणि बायकांनो, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी ऑरा असेल तर घ्यायची नाही, जागतिक आरोग्य संघटनेने ती अशा बायकांना साफ वर्ज्य सांगितलीये, कारण गुठळीचा धोका. तांबी आहे, फक्त प्रोजेस्टेरॉनच्या पद्धती आहेत, डॉक्टरीणबाईंना ऑराचं आधीच सांगा, त्या स्वतःहून विचारतीलच असं नाही. गौरी-गणपतीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायची गोळी केमिस्टकडून परस्पर आणायची सवय घराघरात आहे, तीही विचारल्याशिवाय नको. लांबच्या ट्रॅव्हल्सच्या किंवा विमानाच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी पाय हलवा, पाणी प्या, बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका.

आता घाई कशाची करायची. ऑरा हळूहळू पसरतो आणि त्यात काहीतरी जास्तीचं दिसतं, चमक, रेघा, मुंग्या. स्ट्रोक एका क्षणात येतो आणि काहीतरी जातं: हाताची ताकद जाते, अर्ध्या बाजूचं दिसणं जातं, बोलणं जातं, तोंड वाकडं होतं. असं झालं की 'हिला नेहमीच होतं, झोपू दे' म्हणायचं नाही, १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलमधे, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. ऑरा नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तासाभराहून जास्त टिकला, तरी तेच. एका क्षणात आलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी, यांनाही वही-बिही काही नाही, सरळ दवाखाना. आणि बाळंतिणीचं डोकं दुखलं तर ते दृष्टीवर किंवा वाऱ्यावर घालवू नका, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि आपल्याकडे बाळंतिणीला पाणीच कमी प्यायला देतात हे त्यात आणखी वाईट.

डॉक्टरकडे जाताना माझ्या फाइलमधे आता पाच गोष्टी असतात: वही, ऑराचं चित्र, बबल टेस्टचा रिपोर्ट आणि सीडी, आत्तापर्यंत घेतलेल्या औषधांची यादी डोस आणि किती महिने घेतलं त्यासकट, आणि मला विचारायचे प्रश्न मराठीत लिहिलेला कागद, कारण समोर बसलं की निम्मं विसरतं. भोक उघडंच आहे. रोजची एक गोळी, उपासाला फळं, साडेदहाला झोप, आणि महिन्याला नऊ-दहाचे अटॅक आता दोनवर आलेत, वेदनाशामक महिन्यातून तीन-चार दिवस.

मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे, की मग मुलीचा इको करून घेऊ का. माझी लेक चौदा वर्षांची आहे, गेल्या मे महिन्यात क्लासहून उन्हातून आली आणि म्हणाली आई पुस्तकातली मधली अक्षरं खाल्ली गेलीयेत. तिचा इको आम्ही केला नाही, मुलांच्या डॉक्टरांनी तपासून तशी गरज नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी तिला आधी डावा डोळा झाकायला लावला, मग उजवा, मग पडदा ओढून पाणी दिलं, आणि तिनेच पेन मागून घेऊन वहीत लिहिलं, ४ वाजून १० मिनिटं.